पतीच्या रकान्यातलं नाव

शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला की सेलूचं ते सरकारी कार्यालय आठवतं. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या आदल्या उन्हाळ्यात मी तिथं बायकांना मोफत मिळणाऱ्या शिलाई मशीनसाठी आलेले अर्ज संगणकात भरत होते. बोरीच्या एका बाईंचा ‘पतीचे नाव’ हा रकाना रिकामा होता आणि तो भरल्याशिवाय प्रोग्राम पुढं सरकेना. म्हणून मी त्यांना बोलावून विचारलं. “नवऱ्यानं टाकलंय मला. तिथं माझंच नाव लिवा, ताई,” त्या म्हणाल्या. मी लिहिलं, पण कार्यालयाच्या साहेबांना कळेल या धास्तीनं महिनाभर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. वाटपाच्या दिवशी यादी वाचता वाचता साहेब थांबले. “नवरा कोण तुमचा?” बाई उठल्या. “मीच हाय, साहेब.” साहेबांनी यादीवर खूण केली आणि मशीन दिलं. आज पर्ल या संगणकाच्या भाषेत वेबवरून आलेले अर्ज वाचणारा कोड लिहिताना कुठलाही रकाना सक्तीचा करायला माझा हात धजत नाही.