हमरापूरची लग्नाळू घोडी

तुम्हीच तिला बदनाम केलंत. नाव घेत नाही, ज्याचं त्याला कळेल. घोडी वरातीत अडली की म्हणे वाया गेली, काढा विकायला! पेण-रोह्यात जनावरांची डॉक्टर म्हणून फिरायला लागल्यापासून असे किस्से इतके साचलेत, की चहाला बसलं की एखादा सांडतोच.

* * *

हमरापूरच्या बाळारामदादांची राणी ही वरातीची घोडी. मला पहिल्यांदा बोलावलं तेव्हा दादा माझ्याऐवजी कौलांकडे बघून बोलत होते. बाईमाणसासमोर 'माज' हा शब्द काढायचा कसा? शेवटी म्हणाले, "ताई, ती जरा... लग्नाळू झालीय."

"माजावर आलीय?" मी विचारलं.

दादा खोकत बाहेर गेले. त्यांची बायको मंदावहिनी म्हणाली, "व्हय गो बाय, तेच. आन् उतरतच नाय."

* * *

रोह्यात धाटावच्या कारखान्यातल्या एका कामगाराची वरात होती. वाटेत टांग्याचा घोडा दिसला आणि राणी शेपूट वर करून जी उभी राहिली, ती हलेचना. बँडवाल्यांची सगळी गाणी संपली. अखेर नवरदेव उतरला आणि चालत मांडवात गेला. वरमाय रडकुंडीला आली, तेव्हा मुलाचा मामा म्हणाला, "जाऊ दे गो. शिफ्टला तरी कुठं घोड्यावर जातो?"

पण गोष्ट पसरली, वरातींच्या सुपाऱ्या रद्द व्हायला लागल्या. समुद्रकिनाऱ्यावर घोडे फिरवणारा एक दलाल राणीला बघून गेला. वहिनीनं तिला शिंगरापासून वाढवलेलं. त्या दिवशी वहिनी जेवली नाही.

* * *

सगळ्याच लग्नाळू घोड्या लग्नाळू नसतात हो! जिते गावात एक घोडी सारखी शेपूट वर करून थेंब थेंब मुतत होती. मालकानं तिच्यासाठी शेजारगावचा घोडा हेरूनही ठेवला होता. मी तपासलं तर मूत्राशयाला सूज. तसं सांगितल्यावर त्याचा चेहरा उतरला.

"म्हंजे प्रेमाचं कायच नाय?"

* * *

इकडे बाळारामदादांनी कुठूनतरी ऐकलं, की रेसच्या घोड्यांच्या तबेल्यात गर्भाशयात काचेची गोळी ठेवतात, म्हणजे घोडीला आपण गाभण आहोत असं वाटतं आणि ती शांत होते. दादांनी सोडावॉटरच्या बाटलीतली गोटी काढून, धुऊन, हळदकुंकू लावून माझ्यासमोर ठेवली. काच आत फुटली तर घोडीच्या जिवावर बेतेल, असं मी चांगलंच सुनावलं.

त्यांनी शांतपणे विचारलं, "मग प्लास्टिकची आणू?"

* * *

खरं तर मीही चक्रावले होते. थंडीत दिवस लहान झाला की बहुतेक घोड्यांचा माज थांबतो. राणीचा ऐन थंडीत चालू! तपासलं, अंडाशय ठीक, गर्भाशय ठीक. दलाल पुन्हा येणार होता. मी चिडून गोठ्यातच ठिय्या दिला. दिवस मावळला आणि डोक्यावर फटाफट ट्यूबलाइटी लागल्या.

गोठा कसला, तो दादांच्या गणपतीच्या कारखान्याचाच एक कोपरा होता. बाहेरगावच्या ऑर्डरी लवकर सुरू झालेल्या, त्यामुळे रोज उशिरापर्यंत रंगकाम चाले. राणीच्या लेखी दिवस मावळतच नव्हता, उन्हाळाच चालू होता!

मी दादांना म्हटलं, हिला अंधार द्या, बाकी काही नको. दादांना पटेना, पण वहिनीनं त्याच रात्री ताडपत्री बांधून राणीचा कोपरा बंद केला आणि दलाल आला तेव्हा त्याला दारातूनच परत पाठवलं. लगेच फरक पडला नाही. दादा रोज टोमणे मारायचे. पण काही आठवड्यांनी राणी पेणच्या एका वरातीत गाईसारखी चालली. वाटेत भेटलेल्या टांग्याच्या घोड्याकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही.

दादा पेढे घेऊन कारखान्यात आले. मीही जोशात सगळ्यांना समजावून सांगत होते, की उजेडाचा शरीरावर किती परिणाम होतो, आणि मुक्या जनावराला साधा अंधारही आपण देत नाही!

कोपऱ्यात गणपतीचे डोळे रेखणाऱ्या सुमनकाकूंनी ब्रश खाली न ठेवता ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आमी वर्सानुवर्सं याच लाइटीखाली बसतो गो बाय. आमाला कदी कोनी ताडपत्री बांधली नाय."