तिच्या हातून न तुटणारे विमान

गुरुग्राममधल्या आमच्या घराच्या बाल्कनीवरून विमाने इतकी खालून जातात की त्यांच्या पोटातून बाहेर येणारी चाकेही दिसतात. माझी सहा वर्षांची मुलगी मात्र त्यांच्याकडे बघत नाही. ती डोळे मिटते आणि ऐकते. चढणाऱ्या विमानाचा आवाज तिच्या मते जाड असतो, उतरणाऱ्याचा पातळ. हे शब्द तिचे तिने शोधलेले. माझे आयुष्य कविता वाचण्यात आणि शिकवण्यात गेले. त्या दोन शब्दांवर मी अशी भाळले की वाढदिवसाला रिमोटवर उडणारे विमान द्यायचे तिथल्या तिथे कबूल करून बसले.

कबूल केल्यावर धास्ती वाटू लागली, कारण तिच्या हातून वस्तू सुटतात. काचेचे पेले, कुंड्या, बाबाचा चष्मा. ती मुद्दाम काही करत नाही. हात वस्तूवर असतो आणि मन वस्तूच्या पलीकडे गेलेले असते, एवढेच. यावरून घरात मी तिला कधी टाकून बोलले नाही. वेंधळी, धांदरट असले शब्द आमच्याकडे उच्चारायचे नाहीत, हा माझाच नियम. एकदा सासूबाई पुण्याहून फोनवर हसत म्हणाल्या, "अगं, हिचे हात आहेत की चाळणी?" तेव्हा मी विषय बदलला आणि फोन ठेवल्यावर नवऱ्याला सुनावले. मुलांच्या कानावर पडलेला शब्द आत जाऊन बसतो, असे मी त्याला फार ठामपणे सांगितले होते.

विमान घ्यायला आम्ही दोघी मेट्रोने निघालो आणि पहाडगंजच्या पलीकडच्या ठोक बाजारात पोहोचलो. दुकान अरुंद होते. नव्या रबराचा वास आणि विझत आलेल्या उदबत्तीचा वास एकमेकांत मिसळले होते. कपाळावर चष्मा चढवलेल्या दुकानदाराने काउंटरवर तीन विमाने मांडली.

पहिले हलक्या लाकडाचे. पंखांवर तांबडा, पातळ पडदा ताणून बसवलेला. दिव्यासमोर धरले की आतल्या नाजूक फासळ्या दिसत. माझा हात आपोआप त्याच्याकडे गेला.

"ये सीखे हुओं का है, मैडम. एक बार गिरा, तो समझो माचिस की तीलियाँ."

दुसरे लढाऊ विमानासारखे, टोकदार. "और ये इतना तेज़ है कि बच्ची के समझने से पहले दीवार आ जाएगी."

तिसरे पिवळे, बुटके, फोमचे. नाक बोथट, पंखा पाठीमागे. दिसायला अगदी ओबडधोबड. पण पहिल्यांदा उडवणाऱ्यासाठी हेच, असे त्याने समजावून सांगितले. विमान नाकावर पडते, म्हणून पंखा मागे असलेला बरा, वाचतो. मोठे पंख अंगाच्या वरच्या बाजूला, त्यामुळे रिमोट सोडून दिला तरी विमान हवेत स्वतःला सावरते. आणि ते पंख चिकटवलेले नसून रबरबँडने बांधलेले. आपटले की मोडत नाहीत, नुसते निसटतात. त्याने एक पंख पार दुमडला आणि सोडला. तो हलकेच सरळ झाला.

मला ते पटले होते. तेवढ्यावर गप्प बसले असते तर बरे झाले असते. पण बाजारात गेले की माझा आवाज बदलतो. "भैया, सोच के देना," मी म्हणाले. "ये लड़की तोड़ने में उस्ताद है. जो हाथ में आया, गया."

"अच्छा! पैदाइशी?"

"बिल्कुल पैदाइशी."

तो हसला. शेजारी पतंगाचा मांजा बघत असलेले गिऱ्हाईक हसले. मीही हसले.

"तो यही ले जाओ. मेरा पोता पूरा बुलडोज़र है, उससे भी नहीं टूटा." असे म्हणून त्याने विमान उचलून थेट शटरवर फेकले. ठप्प असा मऊ आवाज झाला. पंख निसटले, बाकी सारे जागच्या जागी. "ले बेटा, अब तू पटक."

मुलीने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"अगं, घे ना," मी मराठीत म्हणाले, माझ्या घरातल्या मऊ आवाजात. तिने मान हलवली. मला वाटले, लाजली.

आमच्या सोसायटीमागे एक मोकळा प्लॉट आहे. वारा उठायच्या आत, सकाळी, आम्ही तिथे गेलो. कडुनिंबाची पाने गळत होती, टिटव्या आमच्यावर ओरडत होत्या. रिमोट मी तिच्यापुढे धरला.

"तू उडव, आई."

मी उडवले. पिवळे विमान भुंग्यासारखे गुणगुणत वर चढले. तिने डोळे मिटले आणि म्हणाली, "जाड." मग माझा अंगठा चुकला आणि ते धुळीत नाकावर आले. ती धावत गेली, पण विमान हाताच्या अंतरावर येताच थबकली.

"आई, तू उचल."

पुढे प्रत्येक रविवारी हेच झाले. मी उडवायचे, तिने टाळ्या वाजवायच्या. इतर दिवशी विमान कपाटावर. "नक्की कोणाच्या वाढदिवसाचं आणलं होतंस हे?" नवऱ्याने विचारले, तेव्हा मी म्हणाले, "येईल हळूहळू. बुजरी आहे."

होळीच्या आधी एका संध्याकाळी मी तिला पाण्याची बाटली द्यायला सोसायटीच्या बागेत गेले. ती पाठमोरी होती. शेजारच्या विंगमधली मैत्रीण नवीकोरी पिचकारी तिच्यापुढे करत होती. "ले, तू चला."

"नहीं, मुझे मत दे. मैं तोड़ने में उस्ताद हूँ. जो हाथ में आया, गया."

"सच्ची?"

"बिल्कुल पैदाइशी."

शब्द माझे होते. मधला थांबा आणि खांदे उडवण्याची लकबही माझी. बाकावर बसलेली मैत्रिणीची आजी खळखळून हसली. "हाय, कैसी बातें करती है!" आणि तिने माझ्याकडे पाहिले, मी हसावे म्हणून.

मी हसले. बाटली हातात तशीच राहिली, कानांच्या पाळ्या तापल्या, आणि तरीही मी हसले. दुकानातल्या हसण्यापेक्षा या हसण्याची लाज मला अधिक वाटते.

हिंदी माझ्यासाठी भाजीवाल्यांशी, रिक्षावाल्यांशी, सोसायटीच्या ऑफिसातल्या तक्रारींसाठी बोलायची भाषा. घराबाहेर पडताना पायात सरकवायच्या चपलेसारखी. तिच्यात मी वेगळीच बाई होते, मोठ्या आवाजाची, हजरजबाबी, थोडी निष्ठुर. त्या बाईचे बोलणे मी कधी माझे धरलेच नाही. पण माझी मुलगी त्या भाषेत शाळेत जाते, भांडते, झोपेत पुटपुटते. मी एकेक शब्द निवडून, पाखडून तिच्याशी मराठी बोलत आले. तिच्या लेखी ती हात धुण्याची, शहाण्यासारखे वागण्याची भाषा. आई खरे काय ते दुकानात बोलते, असे तिला वाटले असेल, तर त्यात तिचे काय चुकले?

त्या संध्याकाळी तिच्या केसांना तेल लावताना मी म्हणाले, "दुकानात मी जे बोलले ना, ते खरं नव्हतं."

"कुठलं?"

"तेच. तोडण्याचं."

"पण तू तर हसत होतीस," ती म्हणाली. "आणि काकापण."

जखम ज्या भाषेत झाली त्याच भाषेत ती पुसावी, असे वाटून मी सुरुवात केली, "बेटा, मम्मी ने उस दिन जो कहा..." आणि पुढे शब्दच येईनात. या भाषेत मी आजवर कोणाचीही मनापासून माफी मागितली नव्हती. माझा आवाज मलाच जाहिरातीतल्या बाईसारखा वाटला.

ती दचकून मागे वळली. "आई, अशी का बोलतेस? घरात कोण आलंय?"

"कोणी नाही, राणी," मी म्हणाले.

पुढच्या रविवारी प्लॉटवर मी रिमोट तिच्या हातात दिला नाही. तो जमिनीवर ठेवला आणि बाजूला झाले. ती त्याच्याजवळ उकिडवी बसली.

"तुटलं तर?"

तुटत नाही हे, त्याने शटरवर आपटून दाखवलं होतं ना, हे अगदी ओठांवर आले होते. ते मी गिळले. "तुटू दे."

"मग तू कोणाला सांगशील?"

"कोणालाच नाही," मी म्हणाले. तिने फ्रॉकला हात पुसले, जणू देवाजवळचे काही उचलायचे आहे, आणि रिमोट घेतला. मी विमान हवेत सोडले. ते वर गेले, डगमगले, तिने अंगठे काढून घेताच आपले आपण सावरले. मग कीकरच्या काटेरी झुडपाला थडकून खाली आले. पंख एकीकडे, धड दुसरीकडे.

ती विमानाकडे धावली नाही. तिने वळून माझ्या तोंडाकडे पाहिले.

तेवढ्यात सकाळी फिरायला येणारे एक गृहस्थ कडेने जाता जाता थांबले. "क्यों मैडम, तोड़ दिया बिटिया ने?"

सवयीचे हसू गालांपर्यंत आले. त्याच्यामागोमाग एक चुरचुरीत वाक्यही तयार होते, ते मला जिभेवर जाणवले.

"नहीं जी. गिरा है."

ते कोरडे, जवळजवळ उद्धट निघाले. गृहस्थ ओशाळून पुढे गेले. मुलगी मात्र तशीच उभी होती, माझ्या ओठांवर नजर ठेवून, वाक्याचा उरलेला भाग अजून यायचा आहे अशी वाट पाहत. तो येत नाही अशी खात्री झाल्यावर ती झुडपाकडे निघाली, आधी चालत, मग धावत.