मेधाचा अजून एक पेपर

मानसोपचार विभागात काम केलं की किस्से साचतातच. पण पेशंटचे बाहेर सांगायचे नसतात, एवढं पथ्य आम्ही पाळतो. मग चहाच्या टेबलावर उरतात फक्त डॉक्टर! आणि पनवेलच्या आमच्या मेडिकल कॉलेजात विषय निघाला की तो डॉ. मेधा घरतवरच येतो. मेंदू आणि मानसिक आजारांवर तिचे इतके पेपर छापून आलेत, की मी मोजणं सोडून दिलंय.

खोटं. मोजतो.

*

मेधा आणि मी एकाच दिवशी लेक्चरर म्हणून लागलो. स्किझोफ्रेनियातल्या झोपेवरचा तिचा पहिला पेपर परदेशी जर्नलने घेतला. त्याच आठवड्यात त्याच जर्नलने माझा परत पाठवला.

आमच्या विभागप्रमुख सरांनी विभागात पेढे वाटले. मी इतक्या जोरात "अभिनंदन!" म्हणालो, की शेजारच्या वॉर्डातून सिस्टर धावत आल्या.

"सर, कोण व्हायोलंट झालंय?"

*

इंटरनेटवर मेधाचं नाव टाकलं की पानंच्या पानं उघडतात. माझं नाव संजय कुलकर्णी. ते टाकलं की सोयाबीनवरचं संशोधन येतं! कुणी तरी दुसराच संजय कुलकर्णी, कृषी विद्यापीठातला.

हे मी घरी बोललो नव्हतो. एका लग्नात सासूबाई पाहुण्यांना अभिमानाने सांगत होत्या, "आमचे जावई डॉक्टर आहेतच, पण शेतीवरही फार लिहितात हो!"

मी खंडन केलं नाही. निदान कुणी तरी छापतंय.

*

खारघरच्या एका कॉलेजात माझं व्याख्यान होतं. विषय, 'तुलना सोडा, आनंदी राहा'. छान रंगलं. टाळ्या पडल्या. प्रश्न विचारा म्हटल्यावर पहिल्या रांगेतल्या मुलीने हात वर केला.

"सर, घरत मॅडम नाही का येऊ शकल्या?"

*

मेधाचे वडील पनवेलजवळच्या नेरे गावचे. शेती करून लेकीला शिकवलं. एकदा डोळे तपासायला हॉस्पिटलात आले, तेव्हा मेधा वॉर्डात अडकली होती, म्हणून माझ्या केबिनमध्ये बसले. चहा मागवला.

"आमची मेधा सारखी लिवतच असते," ते म्हणाले. "तुमी पन लिवता काय, डॉक्टर?"

"लिहितो की, दादा."

"मंग छापीत नाय का कोनी?"

चहा त्यांनी शांतपणे संपवला. माझा तसाच राहिला.

*

मग माझ्या प्रमोशनचं आलं. एक चांगला पेपर छापून आल्याशिवाय फाइल पुढे सरकणार नव्हती. बाळंतपणानंतरच्या नैराश्यावर मी लिहायला घेतलं. या वेळी कुणाला दाखवायचं नाही, असं ठरवलं होतं. सरांना नाही, मेधाला तर नाहीच. कॉम्प्युटरला पासवर्डसुद्धा घातला!

जर्नलने पेपर त्या विषयातल्या एका जाणकाराकडे तपासायला पाठवला. लेखकाचं नाव झाकलेलं, तपासणाऱ्याचंही झाकलेलं. मी नकाराचीच वाट बघत होतो. पण कुणा अनोळखी माणसाने पानंच्या पानं लिहून पाठवली होती. कुठे आकडेमोड चुकली, कुठलं वाक्य उगाच ताणलंय, शेवट कसा करावा. आणि खाली, 'टेबल तीन पूर्ण नव्याने करा. या अभ्यासाचा जीव त्यातच आहे.'

इतकं प्रेमाने मला माझ्या गाइडनेही कधी शिकवलं नव्हतं. सांगितलं ते सगळं केलं. महिन्याभरात पेपर स्वीकारल्याची मेल आली!

दुसऱ्या दिवशी मी स्वतः पेढे आणले. मेधाच्या पुढ्यात बॉक्स धरला आणि म्हणालो, "घे. कुठेतरी गुणांची कदर करणारी माणसं आहेत म्हणायची! आपल्या इथे नाहीत."

"हो ना," ती म्हणाली. पेढा उचलला, निम्मा खाल्ला, आणि वॉर्डाकडे निघता निघता दारात थांबली.

"काय रे संजय, टेबल तीन शेवटी जमलं ना नीट?"