गुंडूचा करदोडा

इथं आखातात, गुदैबियाच्या आमच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराला लागून एक खोली आहे. तिथे गुंडू भाड्याने राहतो. आजऱ्याचा गडी, लाँड्रीची गाडी चालवतो. माझी नातवंडं माझं सगळं ऐकतात आणि उत्तर इंग्रजीत देतात, त्यामुळे बोलायला मला तेवढा एकच माणूस.

मध्यंतरी कपड्यांचा गठ्ठा उतरवताना तो गाडीच्या मागच्या पायरीवरून डोक्यावर पडला. जखम भरली. पण मग जेवताना मध्येच थांबायला लागला. घास हातात, डोळे उघडे, हाक ऐकू येत नाही.

"कुठं गेला होतास रे?"

"हितंच की, मावशी."

संदेशनं, माझ्या मुलानं, त्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूचा एमआरआय काढू. आत वण राहिला असला तर मोठी फिट येऊ शकते, मग गाडी बंद. गुंडूचा व्हिसाच ड्रायव्हरचा. गाडी बंद म्हणजे हा देशही बंद, आणि गावात त्याला दुसरं काम येत नाही.

एमआरआयला गेला तो तासाभरात परत.

"कमरेचा करदोडा काढा म्हणाले. चांदीचा चालत न्हाई मशीनला. नर्स कात्री घेऊन आली, मी पँट धरून पळालो."

आमच्याकडे पुरुषाचा करदोडा तो गेल्यावरच तोडतात. जित्या माणसाची कंबर मोकळी ठेवत नाहीत. दुसरी तारीख मिळाली, तेव्हाही तो तसाच माघारी. संदेश चिडला. मला मात्र दिसत होतं, गुंडूला करदोडा फार सोयीचा सापडला होता.

मी पेटीतून काळा सुती गोफ काढला.

"इकडे ये. आधी नवा बांधायचा, मग जुना तोडायचा. कंबर मोकळी राहत नाही. जन्मताना काय चांदीचा घालून आला होतास?"

तो जागचा हलला नाही.

"मावशी, फोटोत वण दिसला तर?"

"आणि न दिसता असला तर? जेवताना थांबतोस, तर घास थांबतो. गाडी थांबेल का?"

त्यानं मग सदरा वर केला. नवा त्यानं बांधला, जुना मी तोडला.

"पाइपात कोंबल्यागत वाटलं," एमआरआय काढून आल्यावर म्हणाला. "वर नुसती ठोकाठोकी. हलायचं न्हाई, बाहेर यायचं न्हाई. तसं हितं तरी कुठं येतंय?"

वण निघाला. गोळ्या सुरू झाल्या, गाडी गेली. लाँड्रीचा मालक शब्बीर मनानं बरा. त्यानं गुंडूला आत कपड्यांच्या घड्या घालायला बसवलं. व्हिसा संपल्यावर काय, विचारलं की शब्बीर म्हणतो, इंशाल्ला. त्यापुढे कोणी विचारत नाही.

नव्या ड्रायव्हरला घरं माहीत नाहीत. म्हणून रोज गुंडू शेजारी बसून वाट दाखवतो. काल मी त्यांच्याबरोबर जिदहफ्सच्या बाजारापर्यंत गेले, मागे बसून. दर सिग्नलला, ड्रायव्हरच्या आधी, गुंडूचा उजवा पाय खाली दाबला जात होता.