आईही दहावीला बसली

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी पडघ्याजवळच्या एका सरकारी हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवायचे. घर भिवंडीत, जाणं-येणं एसटीनं. शाळेचा निकाल बेताचा आणि पट त्याहून बेताचा. आठवीला मुलं कमी पडली तर तुकडी जाणार, म्हणून हेडमास्तर दर मे महिन्यात आम्हाला पाड्यापाड्यांवर पिटाळायचे.

अशाच एका दुपारी एक बाई अंगणात मिरच्या वाळत घालताना भेटली. तिची मुलगी छान मार्कांनी सातवी झालेली, पण पुढे पाठवायची नाही म्हणाली.

"शिकून काय होनार हाय, बाई? मी पन सातवी पास हाय. काय झाला माझा?"

उन्हानं डोकं तापलेलं. मी चेष्टेत म्हणाले, "मग सातवीवर का थांबलात? लेकीबरोबर दहावीला बसा."

ती हसली नाही. "आता बसता येल?"

"बाहेरून बसता येतं," मी चाचरत म्हणाले.

"मंग घाला पोरीला शाळेत. ती शिकल आनि मना शिकवील."

मुलगी आठवीत आली. वर्गात झालेलं सगळं ती संध्याकाळी चुलीपुढे आईला शिकवायची आणि सकाळी आईच्या शंका मला आणून द्यायची. "बाई, आई विचारते, 'गो'चं 'वेन्ट' का होतं? 'गोड' का नाही?" मलाच ठाऊक नव्हतं. "साहेबाची मर्जी, असं सांग," म्हटलं.

शेजारणी आधी हसल्या, "काय गो, कलेक्टर होतंस का?" पण तिसऱ्या वर्षी दहावीच्या परीक्षेच्या दिवसांत त्यांनीच तिचा स्वयंपाक वाटून घेतला. कुरकुरणारा नवराही मायलेकींना केंद्रावर सोडायला आला.

मुलगी शाळेत पहिली आली. आई गणितात नापास झाली. समजूत घालायला मी घरी गेले, तर ती पेढे वाटत होती.

"बाकीचे समदे सुटले, बाई! एकच अडकला!"

तोही ऑक्टोबरात सुटला. पुढच्या मे महिन्यात ती आपणहून माझ्याबरोबर पाड्यांवर फिरली. मी तोंड उघडायच्या आत आयांना दटावायची, "पोरीला धाडतेस का न्हाय?" त्या वर्षी आठवीत बाकं कमी पडली. काही मुली खाली सतरंजीवर बसल्या, आणि हेडमास्तर कौतुकानं सारखे वर्गात डोकावत राहिले.