जिंकणाऱ्यानं जायचं

हैदराबादची एस.टी. सुटायला अजून अवकाश होता आणि मी देगलूरच्या स्टँडवरच्या नळाखाली हात घासत होतो. नखांतला गुलाल काही केल्या निघत नव्हता. आई शेजारी पिशवी धरून उभी होती. परवाच ग्रामपंचायतीचा निकाल लागला होता, आमचं पॅनल निवडून आलं होतं, आणि गाव सोडायची वेळ माझ्यावर आली होती. आई रागावली नाही, रडलीही नाही. एवढंच म्हणाली, "मत पेटीत टाकायचं आस्तंय बाबा, घरात न्हाई."

गावात राहिलेल्यांना पुढचं-मागचं सगळं ठाऊक आहे. माझ्यासारखे जे आधीच बाहेर पडले होते, त्यांच्यासाठी सांगतो. माझा थोरला भाऊ, अण्णा, समोरच्या पॅनलमधून उभा होता आणि मी त्याच्या विरोधात गल्लोगल्ली फिरलो होतो. भांडण विचारांचं आहे असं तेव्हा छातीठोकपणे सांगायचो. कोणता विचार, ते आज आठवत नाही. गावात चहाच्या टपऱ्या दोन, न्हावी दोन, गणपतीसुद्धा दोन झाले होते. हरलेल्याच्या दारापुढं मिरवणूक थांबवून नाचायचं ही तर आमच्याकडची जुनी खोड. त्या दिवशी ट्रॅक्टर अण्णाच्या दारात थांबला आणि उंबऱ्यावर गुलालाची पहिली मूठ मी टाकली. वैनी दारात उभ्या होत्या, त्यांच्या पदरावरही उडाला. मग शिव्या, काठ्या आणि कुठून तरी एक दगड आला. तो अण्णाच्या डाव्या कानावर बसला. दगड कुणी मारला ते आजवर कळलं नाही, पण मूठ कुणाची ते साऱ्या गावानं पाहिलं होतं.

हैदराबादला अफझलगंजात ताडपत्री आणि दोरखंडाच्या दुकानात काम मिळालं. पहिल्याच सकाळी शेठनं माझी लाल नखं पाहिली आणि विचारलं, "शादी में से आए क्या मियाँ?" मी हो म्हणालो. या शहरातलं माझं पहिलं बोलणंच खोटं निघालं, आणि त्याची लाज मला बरीच वर्षं पुरली.

पुढं बस्तान बसलं. लग्न झालं, चिक्कडपल्लीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट झाला. लेक एका वाक्यात मराठी, तेलुगू आणि दखनी कालवते आणि मराठी पाटी वाचताना अडखळते. गावी जाणं तुटलंच होतं. आई गेली तेव्हा अण्णानं आणि मी मिळून खांदा दिला, पण एकमेकांशी बोललो नाही. गाव वाईट, शहर शहाणं, अशी मी मनाची समजूत घातली होती.

तीही फार टिकली नाही. विधानसभेच्या निवडणुका आल्या आणि आमच्या बिल्डिंगच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गावातली तीच काठी नव्यानं उगारली गेली. वरच्या मजल्यावरचे राव गारू, म्हणजे आपल्याकडचे रावसाहेब, पोस्टातून रिटायर झालेले, त्यांचा पक्ष एक, माझा दुसरा. रोज सकाळी ते एक फॉरवर्ड टाकायचे, मी दोन टाकायचो. शेवटी लिफ्टमध्ये एकमेकांकडं पाठ करून उभं राहण्यापर्यंत मजल गेली. त्यातच असोसिएशनच्या सेक्रेटरीची निवडणूक आली. दोघंही उभे राहिलो आणि मी तीन मतांनी पडलो.

त्या संध्याकाळी खाली टाळ्या ऐकू आल्या तसं मी दार लावून घेतलं. खिडक्यापण लाव, असं लेकीला सांगितलं. ती विचारत राहिली, का पप्पा? तेवढ्यात बेल वाजली.

दारात राव गारू एकटेच होते, चपला बाहेर काढून. म्हणाले, "जीता मैं, तो आना बी मेरेकुच पड़ता. चाय पिलाव. और वो पानी के टांके का तुम क्या बोल रे थे, वो बी बताव." जिंकणाऱ्यानंच हरलेल्याकडं जायचं, ही त्यांच्या वडिलांची रीत होती म्हणे, वरंगलकडच्या त्यांच्या गावात. अर्धा तास बसले, टाक्याचं सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फॉरवर्ड आलाच, आणि मला रागही आलाच. तो भाग वेगळा.

त्या संध्याकाळी ते गेल्यावर मी खिडक्या उघडल्या. हरलेल्याच्या दाराच्या आत मी पहिल्यांदाच उभा राहिलो होतो. आत कसं वाटतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

पुढच्या रविवारी गाव गाठलं. अण्णा ओसरीवर बसला होता. वाटेत पाठ केलेलं बोललो, "अण्णा, त्या बारीला आम्ही निवडून आलो होतो. यायला अकरा वर्षं लागली. चहा मिळंल का?" त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग सरकून जागा केली.

"हिकडं उजव्या अंगाला बस. तिकडनं ऐकू येत न्हाई मला."

मी रडलो, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. वैनींनी चहा आणून ठेवला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

माझं मत आता चिक्कडपल्लीच्या यादीत आहे. घरचं एक मत गेलं म्हणून अण्णा अजून कुरकुरतो, कारण यंदा त्याचा मुलगा पंचायतीला उभा होता. निकालाच्या दिवशी दुकानात माझं लक्षच नव्हतं. दुपारी अण्णाचा फोन आला. पुतण्या निवडून आला होता. ट्रॅक्टर तयार होता, गुलालाची पोतीही आली होती, पण अण्णानं त्याला आधी पडलेल्या उमेदवाराच्या घरी नेलं होतं. त्यावरून निम्मं पॅनल रुसून निघून गेलं. फोन त्या पडलेल्या उमेदवाराच्या ओसरीवरून होता. मागं कपबशांचा आवाज येत होता.

मी विचारलं, त्या घरची माणसं काय म्हणतात?

"पहिल्यांदा दारच उघडंनात," अण्णा म्हणाला. "बसलाव मग पायरीवर. आता चहा ठिवलाय."