सगळी ताकद पाण्यात

वर्णन: स्त्री, वय सत्तेचाळीस, उंची मध्यम. पद: चारा मदतनीस, कंत्राटी. सदर कर्मचारी निकृष्ट तंतुमय शेती-अवशेषांचे पोषणमूल्य वाढविण्याचे कार्य पार पाडते. म्हणजे पेंढ्यावर युरियाचं पाणी शिंपडते, पायांनी तुडवते आणि प्लास्टिकखाली गच्च बांधून ठेवते. आतल्या वायूनं काडी मऊ पडते, मग जनावर ती नाक न मुरडता खातं. कुणी घाई केली की बाई ‘एकवीस दिवस थांबा’ म्हणायची, म्हणून गोठ्यागोठ्यांतून तिचं नावच ‘एकवीस’ पडलं होतं.

बाहेर तिला मान होता. घरात, पिकतं तिथं विकत नाही. थोरल्या जावेकडे एकच गाय, आणि तिच्या दुधावर घर. दोन वर्षं थोरलीनं ‘माझ्या गाईला खत चारणार?’ म्हणून हिला उडवून लावलं. यंदा हिरवा चारा संपला, तशी ती नमली. एकवीसनं अंगणात शंभर किलो पेंढा पसरला, चार किलो युरिया पन्नास लिटर पाण्यात विरघळवला, आणि झारी फिरवताना नेहमीचं भाषण ठोकलं. पेंढ्यात काय आहे, ताई? सगळी ताकद या पाण्यात.

ढीग झाकला, पण दोरी कमी पडली. बादलीच्या तळाशी थोडं पाणी उरलं होतं. ते आल्यावर मातीत ओतून टाकते, असं सांगून ती आपल्या घरी दोरी आणायला गेली. परतली तेव्हा बादली कोरडी होती आणि गाय रिकामं घमेलं चाटत होती.

“बादलीतलं पाणी?”

“कोंड्यात कालवून घातलं तिला,” थोरली म्हणाली. “एवढी ताकद काय मातीत ओतायची?”

एकवीसनं मनाशी हिशेब केला: दोन लिटर तरी. उपाशी गाईच्या पोटात तेवढा कच्चा युरिया म्हणजे विषच. तिनं थोरलीला दुकानात असेल तेवढं व्हिनेगर आणायला पिटाळलं आणि जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते तासाभराच्या अंतरावर होते. थंड पाण्यात व्हिनेगर घालून पाजा, म्हणाले, आंबटानं विष उतरतं, पण हळूहळू. फुप्फुसात गेलं तर मी येऊन उपयोग नाही.

गाईचे कान फडफडू लागले. तोंडाला फेस आला, मागचे पाय लटपटले, डावी कूस ढोलासारखी ताणली. थोरली सहा बाटल्या घेऊन धावत आली. दुकानदारानं लोणचं किती घालताय, असं विचारलं होतं म्हणे. एकवीस बाटलीनं पाजत राहिली. थोरलीनं शिंगं धरली होती.

“मेली तर तुझं तोंड बघणार नाही मी.”

“आधी तिचं तोंड खाली धरा, ताई. ठसका लागला तर बघत बसायला आपण मोकळ्याच.”

चौथ्या बाटलीला गाय गुडघ्यांवर बसली. डॉक्टर आले, त्यांनी नळी घालून पोटातला वायू काढला, आणि उरलेल्या दोन बाटल्याही पाजायला लावल्या. दिवस मावळता मावळता गाय रवंथ करू लागली.

महिन्याच्या अहवालात चारा योजनेच्या साहेबांनी लिहिलं: ‘लाभार्थी महिलेचा उत्स्फूर्त सहभाग लाभला. तंत्राचा स्वीकार समाधानकारक.’

गाय तो पेंढा आता खाते. थोरली धाकटीच्या घरचा चहा अजून घेत नाही.